लष्करातून निघालेली जिप्सी घरीच दुरुस्त करून नव्याने उभी करायची आहे. सुरुवात कुठून करू?

तुमचा बेत मला कळला तो असा: लष्कराच्या लिलावातली मारुती जिप्सी घ्यायची, शनिवार-रविवारी घरच्या अंगणात स्वतः काम करून ती उभी करायची, मग पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) एक्सलच्या वर चढवून 31 इंची टायर घालायचे आणि शेवटी ऑलिव्ह ग्रीन रंग मारायचा.

सुरुवात कागदांपासून करा. त्यानंतर गाडी कंपनीतून निघाली होती तशी करा. मॉडिफिकेशनचा विषय एक अख्खा पावसाळा ती चालवून झाल्यावर काढा. मी साताऱ्यात राहतो. माझी जिप्सी लष्करातूनच आलेली आहे आणि घरच्या शेडमध्येच उघडून जोडलेली आहे. शेजारी ईएमईमधून, म्हणजे लष्कराच्या गाड्या-यंत्रं दुरुस्त करणाऱ्या दलातून, निवृत्त झालेले एक काका राहतात. खाली लिहितोय त्यातलं बरंचसं मी त्यांच्या हाताखाली शिकलोय.

आधी कागद. लष्कराची गाडी आपल्या आरटीओत नोंदलेलीच नसते. मोटार वाहन कायद्याच्या कलम 60 नुसार तिची नोंद संरक्षण खात्याकडे असते. वर टोक असलेला बाण, खरेदीच्या वर्षाचे दोन आकडे, मग अक्षर आणि क्रमांक अशी तिची पाटी असते. गाडी निकालात निघाली की तो नंबर संपतो आणि नव्या मालकाला आरटीओत पासिंग करून घ्यावं लागतं. पूर्वी हे किचकट होतं, तरी जमायचं. आता 1 एप्रिल 2023 पासूनचा नियम मध्ये येतो: सरकारी मालकीच्या 15 वर्षांवरच्या गाड्यांची नोंदणी पुढे चालत नाही आणि त्या मान्यताप्राप्त स्क्रॅप केंद्रातच जायला हव्यात. चिलखती आणि तशाच खास लष्करी कामाच्या गाड्यांना सूट आहे, पण साधी जिप्सी त्या सुटीत बसेल असं धरून चालू नका. एमएसटीसी या सरकारी कंपनीच्या ई-लिलावात लॉट दिसला तर अटी शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. स्क्रॅप म्हणून काढलेला लॉट घेतलात, तर हातात फक्त पार्ट राहतील. 'शेतावर फिरवायला घ्या, कागदाचं नंतर बघू' म्हणणारे दलाल भेटतील, त्यांच्या नादी लागू नका.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे की लिलावात न उतरता आधीच पासिंग झालेली, विकणाऱ्याच्या नावावर आरसी असलेली फौजी जिप्सी शोधा. चार पैसे जास्त जातील, पण गाडी रस्त्यावर येईल. आरसीवरची मुदत बघा, कारण 15 वर्षांनंतर दर 5 वर्षांनी नूतनीकरण लागतं आणि ग्रीन टॅक्सही भरावा लागतो. चासीवर कोरलेला नंबर आरसीशी अक्षर न् अक्षर ताडून पाहा. काम सुरू करण्याआधी त्या नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासून दोन-तीन ठसे घेऊन ठेवा आणि सँडब्लास्टिंगला देताना तेवढा भाग टेपने झाकून द्या. ब्लास्टिंगमध्ये नंबर पुसट झाला तर आरटीओत तुम्ही खरे असूनही खोटे ठरता.

आता गाडी. जिप्सी 1985 साली आली, 970 सीसीची. 1298 सीसीचं इंजिन घेऊन 1996 ला जिप्सी किंग आली आणि लष्करातून निघणाऱ्या बहुतेक गाड्या तुम्हाला याच इंजिनाच्या दिसतील. इंजिनाची फार धास्ती घेऊ नका. ते साधं आहे, पार्ट मिळतात, गावोगावच्या मारुतीच्या मिस्त्र्यांचा हात त्यावर बसलेला आहे. खरी काळजी पत्र्याची आणि पुढच्या एक्सलची.

फौजी गाडीवर वर्षानुवर्षं ब्रशने रंगावर रंग चढलेला असतो. वरून ती ठणठणीत दिसते, पण त्या थरांखाली गंज निवांत पसरलेला असतो. छोटी हातोडी घेऊन चासीवर ठोकत जा. चांगलं लोखंड खणखणीत वाजतं, गंजलेलं बद्द बोलतं. मागच्या पाट्यांच्या शॅकलजवळचा (शॅकल म्हणजे पाट्याचं टोक चासीला जोडणारी झुलती पट्टी) चासीचा भाग, बॉडी जिथे चासीवर बसते त्या जागा, पायाखालचा पत्रा आणि काचेच्या चौकटीची खालची कड, या चार जागी वेळ घालवा. पत्रा बदलता येतो. चासी शॅकलपाशी खाल्लेली असेल तर गाडी सोडून द्या. पत्र्याचं वेल्डिंग मिगने (गॅसच्या आवरणात तारेने होणारं वेल्डिंग) करून घ्या, साध्या आर्कने पातळ पत्र्याला भोकं पडतात. वेल्डिंगआधी बॅटरीच्या वायरी काढा, एमपीएफआय (कार्बोरेटरऐवजी इंजेक्शनचं इंजिन) असेल तर ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटरही काढून ठेवा. पेट्रोलची टाकी गळत असेल तर ती बदला. रिकामी टाकी वेल्ड करायला कुणी तयार झालं तरी देऊ नका. आत उरलेली वाफ पेट घेते आणि त्यात माणसं मेलेली आहेत.

गाडीखाली शिरलात की मागच्या डिफरन्शियलचा (ताकद वाटून देणाऱ्या गिअरच्या संचाचा) गोळा पांढरा रंगवलेला दिसेल आणि त्यावर उजेड पाडणारा छोटा दिवा. रात्री दिवे मालवून ताफा चालतो तेव्हा मागचा ड्रायव्हर तो पांढरा ठिपका बघून अंतर राखतो. दिवा शाबूत असेल तर काढू नका. गाडीने काय काम केलंय ते सांगणारी अशी खूण पुन्हा मिळत नाही.

पुढच्या एक्सलबद्दल सविस्तर सांगतो, कारण गॅरेजमध्ये सगळ्यात जास्त पैसे इथेच वाया जातात. पुढच्या चाकामागे एक गुळगुळीत लोखंडी गोळा असतो. स्टिअरिंग वळवलं की चाकाचं नकल, म्हणजे चाक ज्यावर बसतं तो वळणारा भाग, त्याच्याभोवती फिरतं. गोळ्याच्या आत ग्रीस, पलीकडे एक्सलच्या नळीत गिअर ऑइल आणि दोघांच्या मध्ये एकच ऑइल सील. हे आतलं सील गेलं की ऑइल गोळ्यात उतरतं, ग्रीसचा काळा रस्सा होतो आणि बाहेरच्या रबरी सीलमधून चाकाच्या आतल्या बाजूला ओघळतो. मिस्त्री बाहेरचं सील बदलून देतो. थोड्या दिवसांत ओघळ परत. आतलं सील बदलल्याशिवाय गळती थांबत नाही आणि त्यासाठी नकल उतरवून शाफ्ट बाहेर काढावाच लागतो.

नकल उतरलंच आहे तर किंगपिनची (नकल ज्यावर वळतं त्या खिळीची) वरची-खालची बेअरिंगं त्याच वेळी नवी टाका. ताशी 50-60 ला स्टिअरिंग जोरात थरथरतं, ही फौजी जिप्सीची नेहमीची तक्रार. बॅलन्सिंगवाला वजनं लावून देतो, दुसरा कुणी स्टिअरिंग डॅम्पर (स्टिअरिंगचे झटके शोषणारा दांडा) बसवून देतो. डॅम्परने थरथर दबते, आतलं बेअरिंग खात राहतं. घरच्या घरी तपासायचं असेल तर पुढचं चाक जॅकवर उचला, टायर वर-खाली धरून हलवा आणि दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगा. ब्रेक दाबल्यावर हालचाल थांबली तर चाकाचं बेअरिंग ढिलं आहे. तरीही हलतंय म्हणजे किंगपिन. नवी बेअरिंगं बसवताना किंगपिनखालच्या शिमनी (पातळ चकत्यांनी) ताण जुळवायचा असतो. गोळ्याचं रबरी सील न बसवता, स्प्रिंगचा काटा अडकवून नकल ओढायचं आणि काट्यावरचा आकडा वर्कशॉप मॅन्युअलमधल्याशी जुळेपर्यंत शिम कमी-जास्त करायच्या. काका हे काम करताना रेडिओसुद्धा बंद करायला लावतात. हाताच्या अंदाजाने हे होत नाही.

ब्रेकचं सगळं रबर, होज आणि व्हील सिलिंडर न बघता नवं टाका. ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या एक्सलला ताकद देणारी पेटी) जिप्सीत गिअरबॉक्सपासून वेगळी असते, मध्ये छोटा शाफ्ट असतो. तिची माउंटिंग रबरं फाटली की अख्खी गाडी घुमते आणि लोक उगाच गिअर उघडत बसतात. आधी रबरं बघा. फोर-व्हील मात्र कोरड्या डांबरावर लावून तपासू नका. मध्ये डिफरन्शियल नाही, त्यामुळे पुढचा-मागचा एक्सल एकमेकांना पिळतात. माती किंवा खडी बघा आणि तिथे लावा.

आता तुमचे 31 इंची टायर. मूळचा 205/70 आर15 साधारण 668 मिमी उंच, 31 इंची म्हणजे 787 मिमी. म्हणजे टायर 18 टक्क्यांनी मोठा, आणि तेवढाच प्रत्येक गिअर जड. साताऱ्याहून यवतेश्वरच्या घाटाने कासला चढताना जिथे दुसरा गिअर आरामात ओढायचा, तिथे पहिला टाकावा लागेल. स्पीडोमीटरचा काटा 60 दाखवेल तेव्हा गाडी 70 च्या वर असेल. ब्रेक मात्र तेवढेच राहणार. पाटे एक्सलच्या वर चढवले की गाडी साधारण पाच इंच उचलते, पण ड्रॅग लिंक (स्टिअरिंगचा जोर चाकाकडे नेणारी दांडी) तिरपी होऊन खड्ड्यात स्टिअरिंग आपोआप ओढलं जातं, शाफ्टचे कोन बिघडतात, ब्रेकचे होज ताणले जातात. 1540 मिमी रुंदीची ही अरुंद गाडी, आडव्या उतारावर तिला उंची सोसत नाही.

कायद्याचंही तेच. कलम 52 प्रमाणे कंपनीने दिलेल्या आणि आरसीवर नोंदलेल्या तपशिलाशी न जुळणारा बदल परस्पर करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानेही 2019 मध्ये ते ठासून सांगितलंय. अपघात झाला तर विमा कंपनी आधी तिथेच बोट ठेवेल. मूळ मापातलेच दणकट ऑल-टेरेन टायर, नवे बुश, ग्रीस केलेले शॅकल, चासीला पक्के बोल्ट केलेले ओढायचे हुक आणि चिखलात टायरची हवा उतरवायची सवय. जवळपास एक टन वजनाची ही गाडी लो गिअरमध्ये एवढ्यावर जिथे जाते, तिथून बाकीच्या गाड्या ओढून काढाव्या लागतात. सैन्याने तिला वर्षानुवर्षं साध्या पाट्यांवर आणि छोट्या टायरवर डोंगरात चालवलंय, ते उगाच नव्हे.

रंगाचं स्वप्न मात्र सोडा. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम 121 सांगतो की संरक्षण खात्याखेरीज कुणाच्याही गाडीला ऑलिव्ह ग्रीन रंग देता येत नाही. बाणाची पाटीही शोभेला ठेवू नका. पांढरा, राखाडी, वाळूचा, कुठलाही दुसरा रंग निवडा आणि तो आरसीवर चढवून घ्या. जुने थर पूर्ण खरवडा, इपॉक्सी प्रायमर मारा आणि मगच रंग. पावसाळी हवेत रंगकाम काढू नका, दिवाळीनंतरच्या कोरड्या दिवसांत करा.

गाडी बघायला जाल तेव्हा हातोडी, टॉर्च, जॅक, पेन्सिल आणि ब्रेक दाबायला एक माणूस घेऊन जा. पुढच्या चाकांमागच्या दोन्ही गोळ्यांचे आणि शॅकलजवळच्या चासीचे फोटो इथे टाकलेत तर बघून सांगतो.