शेजारच्या काउंट्यांच्या संयुक्त अमली पदार्थविरोधी पथकाचा खर्च कोण उचलतो?

अमेरिकेत शेजारशेजारच्या काउंट्या (राज्यातील जिल्ह्यासारखे विभाग) एकत्र येऊन रस्त्यावरील ड्रग्जविक्रीविरुद्ध पथक चालवतात, तेव्हा पैसा कुठून येतो आणि लहान काउंटीला तो भार झेपतो कसा, असे आपण विचारले आहे. टेक्ससमधील एका लहान काउंटीच्या ऑडिटर कार्यालयात मी अनेक वर्षे अनुदानांचे हिशेब पाहिले, त्यामुळे माझे उत्तर टेक्ससपुरते आणि हिशेबनिसाच्या नजरेतून आहे.

महाराष्ट्रात पोलिसांचे पगार राज्याच्या तिजोरीतून होतात. टेक्ससमध्ये शेरीफ, म्हणजे काउंटीचा पोलीसप्रमुख, लोकांमधून निवडून येतो आणि त्याच्या डेप्युटींचे, म्हणजे हाताखालच्या पोलिसांचे, पगार मुख्यतः काउंटीच्या मालमत्ता करातून निघतात. राज्यात 254 काउंट्या आहेत आणि त्यांतील कित्येकींची लोकसंख्या आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या गावाएवढीही नाही. त्यातच 2019 च्या कायद्याने काउंटीला मालमत्ता कराचे उत्पन्न, नवी बांधकामे वगळता, वर्षाला साडेतीन टक्क्यांहून अधिक वाढवायचे असेल तर मतदारांची संमती घ्यावी लागते. अशा अंदाजपत्रकात गुप्तपणे काम करणाऱ्या दोन डेप्युटींचा पगार बसवणे अवघडच असते.

म्हणून बाहेरचा पैसा लागतो, आणि त्याची जुनी वाट म्हणजे बर्न अनुदान. एडवर्ड बर्न हा न्यूयॉर्कचा 22 वर्षांचा पोलीस. फेब्रुवारी 1988 मध्ये एका साक्षीदाराच्या घराबाहेर गाडीत पहारा देत असताना ड्रग्ज टोळीने त्याला गोळ्या घातल्या. त्याच्या नावाच्या या केंद्रीय अनुदानाच्या आजच्या स्वरूपात साधारणपणे 60 टक्के रक्कम राज्य सरकारकडे आणि 40 टक्के थेट स्थानिक संस्थांकडे जाते. गोम पुढे आहे. सूत्रानुसार एखाद्या संस्थेचा वाटा 10,000 डॉलरपेक्षा कमी निघाला, तर तो राज्याच्या वाट्यात मिळवला जातो. म्हणजे लहान काउंटीच्या नावावर काहीच येत नाही आणि तिला चार शेजाऱ्यांशी करार करून, एकीला यजमान नेमून, गव्हर्नरच्या कार्यालयाकडे अर्ज करावा लागतो. गुन्हेगार सीमा ओलांडतात हे खरेच; पण पथके संयुक्त होण्यामागे हे साधे गणितही असते.

हा पैसा आगाऊ हातात पडत नाही. आधी खर्च करायचा आणि मग परतफेड मागायची. एका वर्षी शेजारच्या काउंटीतील एका डेप्युटीचे तेच ओव्हरटाइमचे तास दोन अनुदानांच्या वेळपत्रकांत भरले गेले आणि आमचा संपूर्ण तिमाहीचा दावा परत आला. यजमान आम्ही, त्यामुळे चार महिने पथकाचे पगार आमच्या सर्वसाधारण निधीतून गेले.

ड्रग्ज विकत घेऊन पुरावा गोळा करण्यासाठी पथकाकडे वेगळी रोकड असे, आणि ती मोजायला मी न कळवता जात असे. लोखंडी पेटीत वीस-वीस डॉलरच्या नोटा, त्यांचे क्रमांक वाचता येतील अशा छायाप्रती, आणि प्रत्येक पावतीवर दोन सह्या. खबऱ्याचे नाव कुठेही नसे, फक्त क्रमांक. चाळीस डॉलरच्या खरेदीसाठी चार कागद होतात, असे पथकप्रमुख कुरकुरत. मला मात्र ते चार कागदही कमीच वाटत.

तसे वाटायला ट्युलिया कारण आहे. स्विशर काउंटीतील या सुमारे पाच हजार वस्तीच्या गावात 23 जुलै 1999 रोजी पहाटे 46 जणांवर अटकेची कारवाई झाली. त्यांतील बहुतेक कृष्णवर्णीय होते. कारवाई बर्न अनुदानावर चालणाऱ्या प्रादेशिक पथकाची होती आणि पुरावा एकाच गुप्त अधिकाऱ्याच्या शब्दाचा. ध्वनिमुद्रण नाही, दुसरा साक्षीदार नाही. तरीही काहींना कित्येक दशकांच्या शिक्षा झाल्या. पुढे ती साक्ष अविश्वसनीय ठरली, 2003 मध्ये गव्हर्नरांनी 35 जणांना माफी दिली आणि 2004 मध्ये पथकाचे यजमान असलेल्या अमरिलो शहराने 50 लाख डॉलरची भरपाई मान्य केली. पथकही गुंडाळले गेले. अनुदानाच्या अहवालांत अटकांची संख्या ठळकपणे मोजली जाई, आणि पुढील वर्षीचे पैसे मिळवण्यासाठी ती संख्या दाखवणे पथकांना सोयीचे असे. माझ्या मते त्या पथकांचे मूळ दुखणे हेच होते. पोलिसांवर देखरेख करणारे कुणी एक नव्हते, कारण प्रत्येक काउंटीला ते पथक दुसऱ्या कुणाचे तरी वाटत होते.

दुसरी वाट जप्तीची. ड्रग्जच्या व्यवहारातील रोकड आणि गाड्या जप्त झाल्या, तर केंद्रीय प्रकरणांत स्थानिक यंत्रणांना 80 टक्क्यांपर्यंत वाटा मिळू शकतो. पण तो नेहमीच्या अंदाजपत्रकाला पर्याय म्हणून वापरता येत नाही.

आता आपल्या प्रश्नाचा दुसरा भाग. लहान काउंटीला खरा भार पथकाचा नसतो, पथकाने पकडलेल्या माणसाचा असतो. अनुदान अटकेपर्यंत पोचते. त्यानंतर तुरुंगातील दिवस, त्याच्या औषधपाण्याचा खर्च आणि वकील परवडत नसेल तर न्यायालयाने नेमलेल्या वकिलाचे मानधन, हे मुख्यतः ज्या काउंटीत खटला चालतो तिच्यावर पडते. काही काउंट्यांना स्वतःचा तुरुंगही नसतो. त्या दिवसाच्या दराने शेजारणीकडे कैदी ठेवतात, आणि हा दर पथकाच्या करारात लिहिलेला मी एकदाही पाहिला नाही. एखाद्या काउंटीचे अंदाजपत्रक आपण उघडलेत, तर शेरीफच्या पानाआधी तुरुंगाचे आणि नेमलेल्या वकिलांचे पान वाचा.