बोलेरो पिकअपचे हेडलाइट फार मंद आहेत. कमी खर्चात घरीच काय करता येईल?

एलईडी बल्ब घ्यायची घाई नको. एच४ (हाय आणि लो एकाच बल्बमध्ये असलेला हॅलोजन बल्ब) च्या रिफ्लेक्टरमध्ये बहुतेक स्वस्त एलईडी प्रकाश विखुरतात; समोरच्याच्या डोळ्यांवर येतो, रस्त्यावर अंधारच.

इंजिन चालू ठेवून, लाइट लावून मल्टीमीटरने बॅटरीवर आणि मग बल्बच्या होल्डरमध्ये व्होल्टेज मोजा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक निघाला तर दोष वायरिंगचा. जुन्या गाडीत सगळा करंट स्विचमधून फिरून येतो, तिथेच मार खातो. हाय-लोसाठी दोन रिले (थोड्या करंटवर चालून मोठा करंट जोडणारे स्विच) असलेली तयार हार्नेस, म्हणजे वायरिंगचा जुडगा लावा: रिलेची ३० नंबरची पिन २० अँपिअर फ्यूजमधून थेट बॅटरीला, वायर २.५ चौरस मिमी. फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ हवा, नाहीतर वायर घासून शॉर्ट झाली तर पेटेल. अर्थ बॉडीला देताना रंग खरवडायचा, हे हमखास राहतं. बल्ब ६०/५५ वॅटचेच ठेवा. १००/९० ने होल्डर वितळतो, शिवाय बेकायदा. बल्बच्या काचेला बोट लावू नका.

प्लास्टिकची लेन्स पिवळी असेल तर १०००, मग २००० चा सँडपेपर पाण्यासोबत, नंतर कंपाउंड. यूव्ही क्लिअर कोट मात्र मारायलाच हवा, नाहीतर काही महिन्यांत पुन्हा पिवळी.

शेवटी नेहमीचा माल भरून फोकस लावा: १० मीटरवरच्या भिंतीवर लो बीमची वरची कड हेडलाइटच्या मध्यापेक्षा १० सेमी खाली. रिकाम्या गाडीवर लावलात तर माल भरल्यावर नाक वर जातं आणि बीम झाडांवर.