माघारी वळलेलं विमान

प्रश्न : 1968 साली कोसळलेल्या हवाई दलाच्या विमानातल्या चार जवानांचे मृतदेह सप्टेंबर 2024 मध्ये रोहतांगजवळ सापडल्याचं वाचलं. इतकी वर्षं ते सापडले कसे नाहीत? आणि हवामान खराब होतं, तर विमान नेलंच कशाला?
– एक वाचक भगिनी, कोरेगाव

उत्तर : ताई, दुसरा प्रश्न आधी घेतो, कारण त्यात वैमानिकावर ठपका येतो आणि तो मला सोसत नाही. ते एएन-12 जातीचं मालवाहू विमान 7 फेब्रुवारी 1968 ला चंदीगडहून लेहला निघालं होतं. आत 102 जण. पुढे हवा बिघडलेली पाहून वैमानिकाने लेहला उतरायचा हट्ट धरला नाही, विमान माघारी वळवलं. आम्हालाही हेच शिकवलेलं होतं. रोहतांगच्या आसपास त्यांच्याशी शेवटचं बोलणं झालं, मग काहीच नाही.

ऐंशीच्या दशकात मी याच जातीच्या विमानांवर फ्लाइट इंजिनिअर होतो. लेहला सकाळीच जायचं, कारण दुपारी वारा उठतो. चंदीगडला लख्ख ऊन आणि तासाभराच्या वाटेत पुढे सगळं झाकलेलं, असं हिवाळ्यात कितीदा तरी व्हायचं. वळलो म्हणजे सुटलो, असंही नसतं. ढगात शिरल्यावर आपण कुठे आहोत हे दिशा, वेग आणि घड्याळावरून काढायचं. वारा सोसाट्याचा असला की विमान नकळत बाजूला सरकतं. रोहतांगची खिंड 4 हजार मीटरच्या आत आहे, पण पलीकडे हिमालयाच्या चंद्रभागा रांगेतली शिखरं 6 हजारांच्या वर जातात. त्यात पंखांवर बर्फ धरतो आणि शिखरावरून उतरणारा वारा विमानाला खाली दाबतो.

त्या विमानाच्या पोटात जवान बाकांवर गुडघ्याला गुडघा लावून बसायचे, मधे ट्रंका आणि होल्डॉल जाळीखाली आवळलेले. एका पोराने ट्रंक पायाशीच ठेवू द्या म्हणून माझा हात धरला होता. आत आईने दिलेले बेसनाचे लाडू होते, दाबले तर फुटतील म्हणून. अशी पोरं असत हो ती.

सापडले का नाहीत? संकटातल्या विमानाचा संदेश उपग्रहाने टिपायची सोय 1982 पासूनची. त्या काळी डोळ्यांनीच शोधायचं, आणि फेब्रुवारीत पडलेलं विमान बर्फाखाली जायला वेळ लागत नाही. 2003 मध्ये मनालीच्या गिर्यारोहण संस्थेची तुकडी याच चंद्रभागा रांगेतल्या सीबी-13 शिखराकडे निघाली असताना तिथल्या ढाका हिमनदीवर तिला अवशेष दिसले आणि एका जवानाचा देह मिळाला. हिमनदी सावकाश खाली सरकते आणि पोटात घेतलेलं कधीतरी वर आणून सोडते. म्हणून एकेक जण असा वर्षांच्या अंतराने हाती लागतो. 2024 चे चौघे लष्कराची डोग्रा स्काउट्स ही तुकडी आणि तिरंगा माउंटन रेस्क्यू ही बचाव संस्था यांच्या पथकाला मिळाले. खिशातल्या कागदपत्रांवरून ओळख पटली आणि देह गावी पोचले.

तिकडे शोधाला उन्हाळ्याअखेरचे मोजकेच आठवडे मिळतात. अजून बहुतेक जण वरच आहेत. इतक्या वर्षांनी कशाला, असं कुणी म्हणालं तर त्यांना सांगा, ज्या घरी अजून कुणी परतलेलं नाही त्यांना आधी विचारा. मोहीम दर वर्षी गेलीच पाहिजे.