गरी टाकायची, पण पाणी कोणाचं?

प्रश्न: मी पुण्याला जॉबला असतो. सुट्टीत गावी आलो की मामा (माजी मालगुजारी) तलावावर गरी घेऊन बसायचं, हे लहानपणापासूनचं वेड. यंदा चांगला रॉड अन् रीळ ऑनलाइन मागवला, तर पहिल्याच दिवशी मच्छीमार सोसायटीच्या माणसानं पाळीवरून उठवलं. एक मित्र म्हणते लायसन्स काढ, दुसरा म्हणते गरीला कशाचं लायसन्स. ते मिळते तरी कुठं?
– एक वाचक, ता. अर्जुनी मोरगाव, जि. गोंदिया

उत्तर: भाऊ, लायसन्सचं नंतर, आधी ते पाणी कोणाचं आहे ते विचार. गाडीच्या लायसन्ससारखं एकदा काढलं अन् कुठंही गरी टाकली असं इथं नाही, परवानगी तलावागणिक वेगळी असते. 1950 च्या कायद्यानं मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले, अन् आता त्यातल्या बऱ्याच तलावांत मासे धरायचा हक्क ढिवर बांधवांच्या मच्छीमार सोसायटीकडे ठेक्यानं असतो. ते पैसे भरतात, बोटुकली म्हणजे माशांची बोटाएवढी पिल्लं विकत आणून सोडतात, रात्री राखण करतात, म्हणजे तुझ्या गरीला लागलेला रोहू त्यांच्या वर्षभराच्या कमाईतला असतो, म्हणून तुला उठवलं याचा राग धरू नको.

सोसायटीच्या अध्यक्षाला किंवा सचिवाला घरी जाऊन भेट, हौस म्हणून एका गरीनं बसतो, मासा विकणार नाही असं सांग, ते जो काय पैसा म्हणतील तो दे अन् तारीख घालून पावती घे. तोंडी "बस ना बा" वर राहू नको, उद्या राखणदार बदलला की पुन्हा तेच. ठेका कोणाकडे हे कळत नसेल तर ग्रामपंचायतीत विचार, नाहीतर जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय सहायक आयुक्तांच्या ऑफिसात साधा अर्ज दे, धरणाच्या मोठ्या जलाशयाचंही तिथंच विचारायचं. कोणाच्या शेतातली बोडी, म्हणजे छोटं तळं असलं तर मालकाची हो पुरे. पेसा, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभेला हक्क देणारा कायदा, त्यातल्या गावात किंवा सामूहिक वनहक्क मिळालेल्या गावात मात्र ग्रामसभेला विचारल्याशिवाय बसूच नको, 2006 च्या वनहक्क कायद्यात पाण्यातल्या माशांवरचा हक्कही येतो.

अन् ताडोबा, बोर, पेंचचं तोतलाडोह धरण, असल्या वाघांच्या जंगलात, तिकडं रॉड घेऊन जायचंच नाही, वन्यजीव कायद्यानं थेट केस होते.

तुझ्या मित्रानं 1 जून ते 31 जुलैची मासेमारी बंदी सांगितली असेल तर ती समुद्रातली, आपल्या तलावाची नाही. पण मी म्हणतो पावसाळ्यात मरळ सोडून दे. काठाच्या गवताजवळ लालसर पिल्लांचा झुबका वर-खाली होताना दिसला की समजायचं खाली नर-मादी राखणीला आहेत, त्यायले गरीनं काढलं तर दुसरे मासे ती सगळी पिल्लं काही वेळात फस्त करतात. मोठी मरळ लागली की फार मोह होते हे मला माहीत आहे, तरी झुबका दिसला तर जागा बदल.

तुझा तलाव ठेक्यावर आहे हे तर दिसतेच, तेव्हा पुढच्या सुट्टीची वाट पाहू नको, परत जायच्या आधीच सचिवाच्या घरी एक चक्कर मार.