गुऱ्हाळाची काजळी आणि लसूणघासावरचे पांढरे चट्टे

प्रश्न (दौंड तालुका, जि. पुणे): शेजारच्या गुऱ्हाळात चुलाणाला जुने टायर घालतात. माझ्या लसूणघासावर काळा थर बसतो, पानांवर पांढरट चट्टे पडतात. कोणते बुरशीनाशक फवारू? धुरात गंधक असते म्हणतात, मग गंधकाचे खत कमी केले तर चालेल का?

उत्तर: आधी ओल्या फडक्याने पान पुसून बघा. थर चिकट असेल, पानामागे मावा किंवा पांढरी माशी असेल, तर ती काजळी बुरशी, म्हणजे किडीच्या चिकट स्रावावर वाढणारी काळी बुरशी. बंदोबस्त किडीचा करावा लागेल. काळी भुकटी फडक्याला लागली आणि तशीच ती शेडच्या पत्र्यावर, पाइपवरही दिसली, तर धुराची काजळी समजा. बुरशीनाशकाचे पैसे वाया जातील.

टायरच्या रबरात गंधक असते. ते जळून सल्फर डायऑक्साइड वायू होतो. अर्धवट जळालेल्या रबराची काजळी होते. काजळीचा कण म्हणजे कार्बनच्या अतिसूक्ष्म गोळ्यांचा झुपका, त्यामुळे वायू धरायला पृष्ठभाग भरपूर. कोरड्या हवेत मात्र तो थोडाच वायू धरतो. खरा खेळ थंडीतल्या पहाटे. धूर वर न जाता शिवारातच साचतो, दमट हवेने कणावर पाण्याचा पापुद्रा धरतो, त्यात वायू विरघळतो आणि हवेतल्या ऑक्सिजनमुळे त्याचे गंधकाम्ल होते. काजळी या क्रियेला वेग देते, हे शास्त्रज्ञ नोवाकोव्ह आणि सहकाऱ्यांनी १९७४ मध्येच दाखवले होते. आम्ल चढलेला कण आणखी पाणी ओढतो.

पांढऱ्या चट्ट्यांचा मोठा दोष मात्र पर्णरंध्रांतून, म्हणजे पानाच्या सूक्ष्म छिद्रांतून, थेट आत शिरणाऱ्या वायूचा. शिरा हिरव्या आणि मधला भाग पांढरा, ही त्याची खूण. लसूणघास याबाबत फार नाजूक, मका बराच काटक. बांधापलीकडचा मका हिरवागार आहे म्हणून धूर निर्दोष ठरत नाही.

काजळी दिसली की सकाळी स्वच्छ पाण्याने पाने निथळेपर्यंत धुवा. नुसता शिडकावा नको. पाणी सुकताना आम्ल पानावरच दाट होते. वैरणही धुऊनच घाला. तारखेसह फोटो काढून महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पुणे कार्यालयात लेखी तक्रार द्या, पोच घ्या.

धुरातल्या गंधकावर खताचा हिशेब बसवू नका. माती परीक्षण करा. कमतरता निघाली तर सिंगल सुपर फॉस्फेट वापरा, त्यात सुमारे ११ टक्के गंधक असते. आणि हो, आपल्या उसाचे पाचटही पेटवू नका. हेक्टरी ८० किलो युरिया, १०० किलो सुपर फॉस्फेट आणि १० किलो पाचट कुजवणारे जिवाणू टाकून ते सरीतच कुजवा.