जळजळ नव्हे, शोथ

प्रश्न असा आला आहे : ‘अपेंडिक्सच्या इन्फ्लमेशनमध्ये सायटोकाइन वाढतात’ याचं भाषांतर ‘अपेंडिक्सच्या जळजळीत पेशीद्रव्यं वाढतात’ असं केलं तर चालेल का? (सायटोकाइन म्हणजे पेशी एकमेकींना निरोप द्यायला बाहेर सोडतात ती छोटी प्रथिनं.)

नाही चालणार. जळजळ छातीत होते, मिरचीचा हात लागला की डोळ्यांत होते. भाच्याचं ऑपरेशन झालं तेव्हा सर्जननी काढलेलं अपेंडिक्स आम्हाला ट्रेमध्ये दाखवलं. एरवी करंगळीहून बारीक असणारं ते अंगठ्याएवढं झालं होतं. लालबुंद, वर पिवळट पुवाचा थर. ही जळजळ? पेपरात हा शब्द वाचला की माझं डोकं फिरतं. काही परिभाषाकार ‘दाह’वर अडून बसतात, पण तो लॅटिनमधल्या आगीचा नुसता तर्जुमा आहे. आपल्याकडे सुश्रुतापासून शोफ, शोथ आहेत. शोफ कच्चा, पिकू लागलेला की पिकलेला हे ओळखून मगच शस्त्र चालवा, असं त्यानं बजावलं आहे.

आता खरी गंमत. शोथ आला ‘श्वि’ म्हणजे फुगणे या धातूवरून. आपलं ‘सुजणे’ त्याच घरातलं. त्याच धातूचं ‘शून’ म्हणजे सुजलेलं. ऋग्वेदात मात्र ‘शून’ म्हणजे रितेपणा! फुगलेलं ते आतून पोकळ, म्हणून रितं. त्यावरून शून्य. ग्रीकमधला लाटेचा शब्द ‘क्यूमा’ही याच मुळाचा.

सायटोकाइन हे नाव 1974 सालचं, ग्रीक शब्दांवरून घडवलेलं : ‘क्यूटोस’ म्हणजे पोकळ भांडं, इथे पेशी, आणि ‘किनेइन’ म्हणजे हलवणे. हे क्यूटोसही श्विचंच भावंड, असं माझं ठाम मत आहे. युरोपीय व्युत्पत्तिकार ते ‘झाकणे’ या मुळाकडे नेतात, लॅटिन ‘कुटिस’ म्हणजे कातडीशेजारी बसवतात. पण कातडीला पोकळी कुठून आणणार? ध्वनीचीही अडचण नाही, ग्रीक ‘क’ दोन्ही मुळांतून येऊ शकतो. फुगीर, पोकळ, भांडं ही अर्थाची वाट शून-शून्यात डोळ्यांसमोर असताना झाकणाकडे वळायचं कशाला?

आणि या रेणूंचं काम तरी काय? टीएनएफ आणि इंटरल्यूकिन-1 हे सायटोकाइन सुटले की बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती सैल होतात, रक्तातलं पाणी आणि प्रथिनं बाहेर झिरपतात, जागा सुजते. इंटरल्यूकिन-6 यकृताला निरोप देतो, म्हणून रक्ताच्या रिपोर्टात सीआरपी (शोथ असला की यकृत बनवतं ते प्रथिन) चढलेला दिसतो. माझी व्युत्पत्ती खरी असेल तर सूज आणणाऱ्या रेणूच्या नावातच सुजेचा धातू!

तुमच्या वाक्यात ‘सायटोकाइन’ तसंच ठेवा. ‘पेशीद्रव्य’ म्हणजे पेशीच्या आतला ऐवज, हे तर पेशीबाहेर सुटणारे निरोपे.