फणसाचा रस्सा मटणासारखा का लागत नाही? आणि अंडी-दूध चालू ठेवलं तर ते ढोंग ठरतं का?

प्राणी मारणं पटत नाही म्हणून तुम्ही मटण-चिकन सोडलंय, पण रविवारचा रस्सा सुटत नाही. फणसाचा करून पाहिलात तर तो तुरट आणि पाणचट झाला. अंडी-दूध चालू आहे म्हणून घरचे टोमणे मारतात, आणि भांडी वेगळी करावीत का हाही प्रश्न आहे. आधी रस्सा.

तुरट लागतोय म्हणजे फणस शिजायला कमी पडला किंवा जून निघाला. भाजीला कुयरीच हवी, म्हणजे आठळीवर कडक साल धरायच्या आधीचा कोवळा फणस. सुरी आरपार सहज गेली पाहिजे. हाताला आणि सुरीला तेल लावून चिरा, चीक पुसून काढा, मधला दांडा टाकून द्या. साफ केलेल्या अर्धा किलो फोडी पाणी, पाऊण चमचा हळद आणि दीड चमचा मीठ घालून कुकरमध्ये लावा. दोन शिट्या पुरतात. तिसऱ्या शिटीला लगदा होतो आणि रेषा मोडतात, मग सगळी मेहनत वाया. मीठ याच पाण्यात पडलं पाहिजे. नंतर रश्शात कितीही घातलं तरी फोड आतून अळणीच राहते.

परदेशात डबाबंद फणस घेणार असाल तर मिठाच्या पाण्यातला घ्या, पाकातला नको. धुऊन अर्धा तास साध्या पाण्यात ठेवा, नाहीतर डब्याची आंबूस चव रश्शात उतरते. तो आधीच शिजलेला असतो, त्यामुळे कुकरला लावू नका.

आता सगळे वगळतात ती पायरी. शिजलेल्या फोडी निथळून, कापडावर कोरड्या करून, पसरट तव्यात तीन चमचे तेलावर कडा तांबूस होईपर्यंत परता. गर्दी केली की पाणी सुटतं आणि फोडी तांबूस व्हायच्या ऐवजी वाफवल्या जातात, म्हणून दोन घाण्यांत करा. मटणाची म्हणून जी चव आपण ओळखतो तिचा मोठा भाग भाजल्याचा असतो, आणि तो कुयरीलाही देता येतो.

पाणचटपणाचं कारण वेगळं. मटणाची चरबी आणि हाडांतून सुटणारा चिकटपणा रश्शाला अंग देतो. फणसात यातलं काहीच नाही. म्हणून पाण्याऐवजी हरभरे शिजवलेलं पाणी वापरा. वाटीभर काळे हरभरे रात्री भिजत घालून शिजवले की हे पाणीही मिळतं आणि ते हरभरे रश्शातच जातात. वाटणाला 60 ग्रॅम सुकं खोबरं, दोन मोठे कांदे, चमचा-चमचा तीळ आणि खसखस, दहा-बारा लसूण पाकळ्या, इंचभर आलं आणि मूठभर कोथिंबीर. दुबईत किंवा सिंगापुरात असाल तर खसखशीच्या नादाला लागू नका, तिथे तिच्यावर बंदी किंवा कडक निर्बंध आहेत. सहा-सात काजू घाला. खोबरं मंद आचेवर वेगळं भाजा, कांदा तेलावर वेगळा, चांगला गडद होईपर्यंत. दोन्ही एकत्र टाकले तर कांदा होईपर्यंत खोबरं जळतं आणि रस्सा कडू होतो. तेल पाच चमचे तरी लागेल, कारण इथे चरबी वितळून येणार नाही. दोन-तीन चमचे कांदा-लसूण मसाला घालून वाटण तेल सुटेपर्यंत परता, मग हरभऱ्याचं पाणी कढत करूनच ओता. गार ओतलं तर तर्री नीट येत नाही. फोडी शेवटच्या दहा मिनिटांत.

एवढं करूनही प्रथिनांच्या बाबतीत फणस मटणाची जागा घेत नाही. 100 ग्रॅम फणसात ती जेमतेम दोन ग्रॅम, मटणात वीसच्या आसपास. हरभरे शोभेला नाहीत. खरं तर वड्यांबरोबर मालवणी काळ्या वाटाण्याचं सांबारं हे फणसापेक्षा सरस उत्तर आहे, असं माझं मत.

अंडी-दुधाचं म्हणाल तर मी ढोंग म्हणणार नाही, पण सोडण्याचा क्रम आपल्याकडे बहुतेक लोक उलटा लावतात. आधी मटण बंद, मग चिकन, आणि अंडं ‘त्यात जीव नसतो’ म्हणून कायम. हिशेब करून बघा. उस्मानाबादी बोकड 25-30 किलोचा, त्याचं मटण साधारण 12 किलो. ब्रॉयलर 35 ते 42 दिवसांत दोन किलोचा होतो, मांस दीड किलोच्या आत. म्हणजे एका बोकडाएवढ्या मांसाला आठ-नऊ कोंबड्या. शिवाय बोकड बहुधा माळावर चरून वाढतो, ब्रॉयलर शेडमधून बाहेर पडतो तो थेट कापायलाच. अंड्याच्या कोंबडीला पिंजऱ्यात ए-फोर कागदाएवढीही जागा नसते, आणि त्या जातीचं नर पिल्लू अंडीही देत नाही, अंगही धरत नाही, म्हणून ते हॅचरीतच पहिल्या दिवशी मारलं जातं. यातना हे कारण असेल तर अंडं आणि ब्रॉयलर आधी सुटायला हवेत, बोकड नंतर.

दूधही यातून सुटत नाही. म्हैस व्याल्याशिवाय दूध नाही आणि नर रेडकाला गोठ्यात काम नाही. अनेक ठिकाणी त्याला पोटभर पाजतच नाहीत. 2015 पासून महाराष्ट्रात बैल-वळू कापायलाही बंदी आहे, म्हशीच्या जातीला ती लागू नाही, म्हणजे रेडा कापला जाऊ शकतो. दूध सोडायचं ठरवलंत तर बी-12 ची गोळी लागेल, वनस्पतींच्या भरवशावर राहू नका. रक्त तपासून डॉक्टरांकडून मात्रा ठरवून घ्या. सगळं एकदम सोडणं जमत नसेल तर अंडी पहिली.

भांड्यांचं मात्र वेगळं आहे. मटण शिजलेल्या पातेल्यात आमटी केल्याने कुठल्याही बकरीचं काही वाईट होत नाही. तो प्रश्न विटाळाचा आहे, आणि मांस न खाणं आपल्याकडे सोवळ्याशी आणि जातीशी इतकं गुंतलंय की वेगळी भांडी मागितलीत तर घरच्यांना त्यात कमी लेखणंच ऐकू येईल. वास सहन होत नसेल तर तसं स्पष्ट सांगा. रविवारी वाटण एकदाच दुप्पट करा, परतून झालं की दोन पातेल्यांत वाटा. एकात त्यांचं शिजलेलं मटण आणि त्याचं पाणी, दुसऱ्यात तुमचे हरभरे आणि फणस. पळ्या तेवढ्या दोन ठेवा.